रविवारी सकाळी बंद असलेलं शहर

अलाबामाला जाऊन आलो म्हटलं की आम्ही राहतो त्या हर्नडनमधले आपले लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तिकडे कशाला?" आणि दुसरा, "तिकडे आपली माणसं आहेत का?" दोन्हींची उत्तरं एकदाच देऊन टाकावीत म्हणून हे लिहितो आहे. नायगारा आणि ग्रँड कॅन्यनवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्यातलं काही पाहिलेलं नाही. मी पाहिली ती अमेरिकेच्या दक्षिणेतली दोन मध्यम आकाराची शहरं, हंट्सव्हिल आणि बर्मिंगहॅम. दोन्ही एकाच राज्यात, मोटारीने पावणेदोन तासांच्या अंतरावर. एकाची भरभराट चालू आहे आणि दुसऱ्याची होऊन गेली, असं आम्हाला निघण्याआधीच सांगण्यात आलं होतं.

मी शिंपी. गडहिंग्लजच्या बाजूचं आमचं गाव. आठवीची सहामाही झाली आणि शाळा सुटली, ती सुटलीच. चुलत्याच्या दुकानात काज-बटणावर बसलो, मग मशीनवर, मग कातर हातात आली. अमेरिकेत येण्यासारखं माझ्यात काहीच नव्हतं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न करून इकडे आली होती. तिने आणि दाजींनी आमचे कागद भरले. ते कागद इतकी वर्षं पडून होते की मी विसरून गेलो होतो. नऊ वर्षांपूर्वी बोलावणं आलं. विमानतळावर दाजी स्वतः घ्यायला आले, पहिले आठ महिने आम्ही त्यांच्याच तळघरात राहिलो, गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून दाजींना मी कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलेलं नाही. म्हणायची वेळही आली नाही, कारण त्यांचं बहुतेक बरोबरच असतं.

हर्नडनला मी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे अल्टर करतो. मालकीणबाई कोरियन आहेत. त्यांनी यंदा सांगितलं की त्या दुकान बंद करून लेकीकडे जाणार. हर्नडनमध्ये स्वतःचं दुकान घ्यायचं तर भाडं परवडत नाही. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "दुसऱ्याच्या दुकानात आणखी किती वर्षं बसणार? आता एकदा आपलंच टाकू या." तिने आणि मी मिळून जे साठवलंय ते एकदाच दुकान टाकण्याइतकं आहे. चुकलं तर दुसऱ्यांदा टाकता येणार नाही. म्हणून कुठे टाकायचं, हे ठरवायला आम्ही दोघं, मी आणि दाजी, निघालो.

दाजी आयटीतले. कुठलीही गोष्ट तक्त्यात भरल्याशिवाय त्यांना दिसत नाही. त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला होता. हंट्सव्हिलचे सगळे रकाने हिरवे, बर्मिंगहॅमचे बरेचसे लाल.

"दिनकर, हे बघ. उत्पन्न, नव्या नोकऱ्या, घरांच्या किमती. कुठलंही बघ. ग्रोथ कुठे आहे?"

"हंट्सव्हिलला, दाजी."

"मग संपलं."

तरी बर्मिंगहॅम यादीत राहिलं ते एका सेल्समनमुळे. आमच्या दुकानात दोऱ्याची रिळं आणि झिपा घेऊन येणारा एक म्हातारा आहे. त्याने सांगितलं होतं, तिथे मिस्टर विलार्ड नावाचे जुने टेलर आहेत, वय झालंय, दुकान चालवायला कोणीतरी शोधताहेत. दाजी म्हणाले, "ठीक आहे. कंपॅरिझनसाठी असू दे."

शनिवार, हंट्सव्हिल

आपल्याकडे गावाच्या वेशीवर मारुती असतो. हंट्सव्हिलच्या वेशीवर रॉकेट उभं आहे. खरंच उभं, हायवेवरून मैलभर आधी दिसतं. चंद्रावर माणूस नेणारी यंत्रं या शहरात तयार झाली आणि अजूनही शहर त्याच धंद्यावर चालतं. आत लष्कराचा मोठा तळ आहे, त्याच्याभोवती काचेच्या इमारती, आणि त्यांच्याभोवती नवीकोरी घरं. रस्त्याचं डांबर इतकं काळं की त्यावरचे पांढरे पट्टे काल मारल्यासारखे वाटावेत. रस्त्याकडेची झाडं माझ्या मनगटाएवढी, तीही दोऱ्यांनी खुंट्यांना बांधलेली. सगळं शहर नुकतंच दुकानातून आणलेल्या शर्टासारखं, अजून टाचण्या काढायच्या राहिलेल्या.

दाजींचे जुने सहकारी शिरीष तिथे राहतात. मूळचे नागपूरचे. त्यांची बायको मृणाल ठाण्याची. त्यांनी आम्हाला उतरवून घेतलं, गरम पोळ्या वाढल्या, आणि मला 'दिनकरभाऊ' म्हणाले. हर्नडनमध्ये आपल्या लोकांच्या पँटी लहान करताना इतक्या सहज 'भाऊ' म्हणणारे कमी भेटतात. बरं वाटलं.

जेवताना मी विचारलं, "तुमच्याकडे झिप बिघडली तर काय करता?"

"बॅगेची?" शिरीषनी विचारलं.

"पँटची."

"अरे भाऊ, काहून दुरुस्त करत बसायचं? नवीन मागवतो. सकाळी ऑर्डर केली की संध्याकाळी दारात."

"आणि सूट?"

"सूट एकच आहे. लग्नातला. तो आता मला होत नाही आणि मी त्याला होत नाही."

मृणाल आतून म्हणाली, "भाऊ, मी देईन हं तुम्हाला ब्लाउज! इथे कोणी शिवणारं नाही, मी सगळे ठाण्याला पाठवते."

"वर्षाला किती होतात?" दाजींनी लगेच विचारलं.

तिने बोटांवर मोजलं. "तीन? दिवाळीचा धरून चार."

दुपारी दुकानाची जागा पाहिली. नव्या संकुलात, सगळी काच. एका बाजूला व्यायामशाळा, दुसऱ्या बाजूला चहात साबुदाण्यासारखे काळे मणी घालून विकणारं दुकान. समोर क्रेन हलत होती, अपार्टमेंट उभी राहात होती. जागा दाखवणारी तरुण बाई इतकी गोड बोलत होती की मी न समजताही मान हलवत गेलो. दाजींनी तिच्याशी सोमवारी दुपारी बाराची वेळ ठरवली, सह्या करायला.

मग दाजी शिरीषबरोबर बाग पाहायला गेले आणि मी दुकानासमोरच्या बाकावर दोन तास बसलो. आमच्या धंद्यात माणसाचं तोंड बघत नाहीत. कपडा बघतात, आणि कपड्याची कडा बघतात. मी कडा बघत बसलो. टी-शर्ट. त्यावर कुठल्या तरी परिषदेचं नाव. सहा खिशांच्या अर्ध्या चड्ड्या. गळ्यात दोरी, दोरीला ओळखपत्र. ताणणाऱ्या कापडाच्या पँटी, ज्या कोणालाही होतात आणि कोणाच्याही मापाच्या नसतात. माणसं तब्येतीने चांगली, चालीत घाई नाही, मुलांच्या हातात आइस्क्रीम. कोणाच्या तोंडावर काळजी नव्हती. दोन तासांत इस्त्रीची घडी दिसली ती एकाच माणसाच्या पँटला, आणि तो गणवेशातला सैनिक होता. गणवेशाचं काम तळाच्या आतच होतं, असं शिरीषनी नंतर सांगितलं.

शहर श्रीमंत आहे यात शंका नाही. ती श्रीमंती चांगली आहे, कष्टाची आहे, कोणाला ओरबाडून आलेली नाही. त्या बाकावर बसून मला एवढंच समजेना की या श्रीमंतीत मी सुई कुठे टोचू.

संध्याकाळी दाजींनी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान आहे, दाजी."

 

रविवार, बर्मिंगहॅम

सकाळी लवकर निघालो. वाटेत रस्त्याकडेला एका पिकअपच्या मागे मोठं पातेलं दिसलं आणि मी दाजींना गाडी थांबवायला सांगितली. उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, आपल्या असतात तशाच, टरफलासकट. विकणारा गोरा, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला. पिशवी हातात देताना म्हणाला की बाहेरगावच्या लोकांना या आवडत नाहीत, ओल्या लागतात. मी एक सोलून तोंडात टाकली आणि आणखी एक पिशवी मागितली. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने त्यात मूठभर जास्त टाकल्या. नऊ वर्षांत मी अशी शेंग खाल्ली नव्हती. दाजी पुण्याचे, त्यांना कौतुक नाही. "शेंगा त्या शेंगा," म्हणाले, आणि अर्धी पिशवी संपवली.

बर्मिंगहॅमला दहाच्या सुमारास पोहोचलो. हे लोखंडाचं शहर. डोंगरात लोखंडाचं खनिज, शेजारी कोळसा, म्हणून एकेकाळी इथे भट्ट्याच भट्ट्या होत्या. त्यातल्या एका जुन्या भट्टीचं आता संग्रहालय झालंय, गंजलेल्या चिमण्या रस्त्यावरून दिसतात. मधल्या शहरात दगडी, उंच, नक्षीदार इमारती. बांधताना कोणी हात आखडला नव्हता हे कळतं. त्यातल्या काहींच्या खिडक्यांना फळ्या मारलेल्या. फरसबंदीच्या फटींतून गवत. आणि माणूस नाही. सिग्नल लाल होत होता, हिरवा होत होता, पण कोणासाठी ते कळत नव्हतं.

मिस्टर विलार्डचं दुकान एका आडव्या रस्त्यावर होतं. लोखंडी जाळी लावलेली, कुलूप. काचेवर हाताने रंगवलेली अक्षरं. मी दोन्ही हातांचा आडोसा करून आत पाहिलं. अंधारात एक लांब दांडी दिसली आणि तिच्यावर कपडे, इतके दाटीवाटीने की हँगर एकमेकांत अडकलेले. माझं मन खट्टू झालं. आमच्या धंद्यात भरलेली दांडी दोनच अर्थांची, भरपूर काम किंवा बुडालेलं काम, आणि रविवारच्या त्या ओस रस्त्यावर मला वाईट तोच सुचला: हे लोक कपडे टाकून गेलेत, सोडवायला आलेले नाहीत.

"बघितलंस?" दाजी म्हणाले. "रविवारी सकाळी दहा वाजता एक माणूस नाही. डेड आहे रे."

मला ते पटलं. आमच्या गावचा बाजार रविवारचा. गावात जीव किती आहे हे रविवारी सकाळी दहाला कळतं. त्या दिवशी चुलत्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. हर्नडनलासुद्धा सगळी खरेदी रविवारीच. ज्या गावात रविवारी सकाळी कुत्रं फिरत नाही तिथे दुकान काय टाकायचं?

"चला दाजी, परत जाऊ," मी म्हटलं. आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. निर्णय घ्यावा लागणार नव्हता.

दाजी म्हणाले, आलोच आहोत तर पुतळा पाहू. शहराच्या दक्षिणेला डोंगर आहे, त्यावर एका लोहाराचा प्रचंड लोखंडी पुतळा आहे. रोमन लोकांचा देव म्हणे. पुढून अंगावर फक्त लोहाराचं चामडी एप्रन. मागून काहीच नाही. दाजींनी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं आणि चष्मा पुसत परत आले.

तिथे तिकिटं देणारी बाई हसली. "सगळे आधी मागेच जातात," ती म्हणाली. मग तिने समजावलं: तोंड आहे ते जुन्या शहराकडे. पाठ आहे ती डोंगरापलीकडच्या उपनगरांकडे. भट्ट्या बंद पडत गेल्या तसे पैसेवाले डोंगर ओलांडून पलीकडे गेले. चांगल्या शाळा, मोठी घरं तिकडेच. "त्यांना रोज सकाळी हेच दिसतं."

म्हणजे बर्मिंगहॅमची श्रीमंती संपलेली नाही, डोंगराच्या पाठीमागे गेली आहे, हे मला तिथे कळलं. दाजींच्या तक्त्यात तो डोंगर नव्हता.

बारा वाजून गेले होते. जेवून निघू म्हणून पायथ्याशी एका जुन्या खाणावळीत शिरलो. तिथली पद्धत अशी: एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, सोबत मक्याची जाड, गोडसर भाकरी. मला भेंडी मिळाली, तळलेली, आणि ताक मागितलं तर तेही मिळालं, एवढा मोठा ग्लास. दाजी शाकाहारी. त्यांनी वाढणारीला हिरव्या पालेभाजीकडे बोट दाखवून विचारलं, "इज धिस व्हेजिटेरियन?"

"ऑफ कोर्स, हनी. इट्स अ व्हेजिटेबल."

दाजींनी भाजी दोनदा घेतली. "बघ, आपल्या माठाच्या भाजीसारखी आहे. चव मात्र जरा जास्त चांगली." चव कशाने आली ते त्यांना तिसऱ्यांदा घेताना कळलं, जेव्हा चमच्यात डुकराच्या मांसाचा तुकडा आला. दाजींनी चमचा खाली ठेवला. वाढणारीने फार वाईट वाटून घेतलं आणि पीचची गोड वडी फुकट आणून दिली. "अक्काला सांगू नकोस," एवढंच दाजी म्हणाले.

त्याच वेळी दार उघडलं.

आधी दोन आज्या आल्या, पांढऱ्या पोशाखात, पांढऱ्या टोप्या, पांढरे हातमोजे. मग एक गृहस्थ, लिंबाच्या रंगाचा थ्री-पीस सूट, त्याच रंगाचे बूट. मग एक कुटुंब, मग दुसरं. बघता बघता दाराबाहेर रांग लागली आणि त्या रांगेत एकही माणूस बिनमापाच्या कपड्यात नव्हता. बहुतेक सगळे काळे लोक. निळे, मरून, करडे सूट. पँटला घडी अशी की बोट कापावं. चार-पाच वर्षांच्या पोरांना वेस्टकोट. आपल्याकडे सख्ख्या भावाच्या लग्नाला माणसं इतकी नटत नाहीत, आणि हे लोक फक्त जेवायला आले होते.

"आज काय आहे?" मी वाढणारीला विचारलं.

"आज रविवार आहे, हनी," ती म्हणाली. "चर्च सुटलं."

शहर मेलेलं नव्हतं. आत बसलेलं होतं. सकाळी दहाला सगळं गाव देवासमोर होतं, खास रविवारसाठी राखून ठेवलेले कपडे घालून, आणि मी त्याला बाजाराच्या वारावरून मोजलं होतं.

पुढचं जे केलं ते मला करायला नको होतं. शेजारच्या टेबलावर एक उंच माणूस पाठमोरा बसला होता, करडा सूट. त्याची बाही खुर्चीच्या पाठीवर होती, माझ्या ताटापासून वीतभर. जुनी लोकर, आता असं कापड मिळत नाही. बाहीच्या टोकाशी फिकट रेघा होत्या. मी बोटांनी बाहीची कडा उलटली. आत जुन्या टिपांच्या तीन रेघा, एकीखाली एक. म्हणजे ही बाही तीन वेगवेगळ्या हातांच्या मापाची झाली होती. अस्तर नवं, काज हाताचं, आणि टाका इतका बारीक की मला क्षणभर चुलत्याची आठवण झाली.

"सर," तो माणूस मान न वळवता म्हणाला, "माझ्या बाहीत तुमचं काही हरवलंय का?"

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. मी हात मागे घेतला.  दाजी अर्धे उठले. "आय अ‍ॅम सो सॉरी. ही इज अ टेलर."

"मग बरोबर आहे," टेबलावरची एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले. त्या माणसाचं नाव रेजी. त्याने आपण होऊन बाही पुढे केली. सूट त्याच्या आजोबांचा. आजोबा भट्टीवर होते, पहिल्यांदा बढती मिळाली तेव्हा शिवला. मग वडिलांनी घातला. आता तो घालतो. "मुलगा अजून माझ्या खांद्याएवढा व्हायचाय."

"हे कोणी केलं?" मी रेघांवर बोट ठेवलं.

"मिस्टर विलार्डनी. ते बघा, पुडिंग घेताहेत."

इथे वडीलधाऱ्या माणसाला नावाआधी मिस्टर लावून हाक मारतात. आडनाव नाही, नाव. आपण जसं दिनकरराव म्हणतो तसं. मिस्टर विलार्ड ऐंशीच्या आसपासचे, काळे, पांढरा सूट, हातात पुडिंगची वाटी. रेजीने आमची ओळख करून दिली आणि मी बाही उलटल्याची गोष्टही सांगितली. म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या हातांकडे.

"उद्या सकाळी आठला ये," ते म्हणाले. "रविवारी मी सुईला हात लावत नाही."

सोमवार

रात्री दाजींनी हॉटेल घेतलं, पण खूष नव्हते. सकाळी त्यांनी निळा ब्लेझर चढवला, कारण बारा वाजता हंट्सव्हिलला सह्या होत्या. मला दुकानाशी सोडलं. "दहाला निघायचं," म्हणाले, आणि कॉफी शोधायला गेले.

जाळी उघडलेली होती. मी ती भरलेली दांडी जवळून पाहिली. प्रत्येक हँगरला चिठ्ठी. चर्चच्या गायकमंडळींचे झगे, एकाच मरून रंगाचे. रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट, कारण भट्ट्या गेल्यावर इथलं मोठं काम आता रुग्णालयाचं आहे. डोंगरापलीकडच्या बायकांचे लग्नासाठीचे झगे. लग्न असलं की तेही लोक डोंगर उतरून इकडेच येतात. आणि सूट, आजोबांचे, वडिलांचे.

"लोक घेऊन जात नाहीत का?" मी भीत भीत विचारलं.

"घेऊन जायला तयार तर पाहिजेत," मिस्टर विलार्ड म्हणाले. "माझे हात आता मंद झालेत. दोन महिने मागे आहे मी."

त्यांनी मला एक काळा कोट दिला. खांद्याची शिवण सोडवायची होती. मी सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून उसवायला बसलो. ते समोर उभं राहून बघत होते. शिवून दाखव म्हणाले नाहीत, नुसतं उसवणं पाहिलं. अर्ध्या तासाने खांदा सुटला, कापडाला ओरखडा नाही.

"आजकालची पोरं ब्लेड लावतात," ते म्हणाले. मग आणखी एकच गोष्ट विचारली. "शनिवारी दुकान किती वाजता बंद करशील?"

मला कळलं ते कशासाठी विचारताहेत: रविवारी चर्चला घालायचे कपडे लोक शनिवारीच न्यायला येणार. "शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जागेचं मालकाशी बोलून देईन म्हणाले, आणि सुरुवातीचे काही महिने रोज सकाळी येऊन बसेन. सगळं ठरायला मिस्टर विलार्डकडून काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते माझ्याकडून, आणि ते दहा वाजता दार उघडून आत आलं.

"चल, दिनकर. बाराला पोचायचंय."

मी सुई कोटाच्या कडेला खोचून ठेवली. "दाजी, मी तिकडची जागा घेत नाही."

"काय?"

"मी इथे बसतो."

दाजींनी दुकान पाहिलं. गंजलेली जाळी, भिंतीचा उडालेला रंग. "अरे, यार, दिनकर. काल तूच म्हणालास ना, परत जाऊ? इथे माणसं शहर सोडून चाललीत. तिथे रोज नवीन येताहेत. हे तुला दिसत नाही का?"

"दिसतंय. ते लोक श्रीमंत आहेत, चांगले आहेत. त्यांना माझी गरज नाही, दाजी. मृणालवहिनींचे चार ब्लाउज, आणि बाकी दिवस मी काचेतून क्रेन बघणार. इथले लोक कपडा ठेवतात. तीन पिढ्या ठेवतात. जिथे कपडा ठेवतात तिथे शिंपी जगतो. तुमच्या तक्त्यात हा रकाना नव्हता."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर माझं चुकलं. आजवर माझं काहीच नव्हतं, चुकायलासुद्धा नव्हतं. तुम्ही आणलंत म्हणून आज इथे उभा राहून तुम्हाला नाही म्हणतोय. हे मी विसरलेलो नाही."

दाजी बाहेर गेले. काचेतून दिसत होतं, फोन कानाला, एक हात कमरेवर, बराच वेळ. मला वाटलं अक्काला करताहेत. आत आले तेव्हा म्हणाले, "हंट्सव्हिल कॅन्सल केलं. ती बाई नाराज झाली." मग थोडं थांबून, "गोड बोलत होती पण."

मिस्टर विलार्डना आमचं मराठी एक अक्षर कळलेलं नव्हतं. ते इतका वेळ दाजींच्या ब्लेझरकडे बघत होते. आता माझ्याकडे बोट दाखवून दाजींना म्हणाले, "हा तुमचा कोण?"

"माझ्या बायकोचा भाऊ."

"घरात टेलर आहे आणि तुम्ही हे असं घालून फिरता?"

दाजींनी स्वतःच्या बाह्यांकडे पाहिलं. दोन्ही बाह्या अंगठ्याच्या मुळापर्यंत आलेल्या. मला ते नऊ वर्षं दिसत होतं. त्यांनी सांगितल्याशिवाय आपण कसं बोलायचं, म्हणून बोललो नव्हतो.

"मला माहितीय रे," दाजी मराठीत म्हणाले. "घेतला तेव्हापासून लांब आहेत."

"मग दिला का नाहीत मला?"

"कसा देणार? तुला इकडे आणलं, आणि आता म्हणू, हे घे, माझे कपडे नीट कर? अक्का काय म्हणाली असती? यासाठी आणलं का माझ्या भावाला?"

 मिस्टर विलार्डनी टेप माझ्या हातात दिली, चिठ्ठी आणि पेन्सिल काउंटरवर सरकवली, आणि मागे जाऊन मरून झगे मोजायला लागले.

"हात सोडा, दाजी," मी म्हटलं. "सैल. नेहमी उभे राहता तसे." खांद्यावर टेप धरून मनगटापर्यंत आणली, आधी डावा, मग उजवा, आणि दोन्ही मापं चिठ्ठीवर लिहिली. दाजींचा उजवा हात डाव्यापेक्षा पाव इंच लांब आहे. हे अक्कालासुद्धा ठाऊक नव्हतं.